काट्याची जखम, कोंबडीचा पाय आणि आपला हात



मागच्या बैठकीत हप्त्यांची वही वाचून झाली आणि एका ताईने विषय काढला. म्हणाली, "माझी चांगली अंड्यावरची कोंबडी लंगडतेय. तळव्याला गाठ आलीय. मी सुईने टोचून पू काढायला गेले, तर काहीच निघालं नाही. आणि आता माझंच बोट ठणकतंय." तिने बोट पुढे केलं. नखाच्या कडेला लाल सूज, मधे पिवळं टोक. लगेच चारी बाजूंनी सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं चुना-गूळ लाव, कोणी म्हणालं लिंबात बोट घाल. एकीने तर सांगितलं, "कोंबड्यांना पाण्यातून देतो ती पावडर आहे माझ्याकडे, तीच घे थोडी."

ती पावडर ताईने घेतली नाही, हे बरं झालं. पण त्या दिवशी लक्षात आलं, की कोंबड्यांसाठी आपण कर्ज घेतो, पिल्लं आणतो, लस टोचून घेतो, आणि या एका दुखण्याबद्दल मात्र आपल्याला फारसं ठाऊक नसतं. म्हणून या महिन्याचा पाठ त्यावर.

हा जंतू कोण?

कोंबडीच्या तळव्यातली अशी गाठ आणि आपल्या बोटाचं नखुर्डं, या दोन्हींत बहुतेक वेळा एकच जंतू सापडतो. त्याचं नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस. नाव अवघड आहे, पाठ करायची गरज नाही. आपण त्याला सोयीसाठी 'स्टॅफ' म्हणू. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर गोल गोल दाण्यांचा, द्राक्षाच्या घडासारखा पुंजका दिसतो. ग्रीक भाषेत द्राक्षाच्या घडाला 'स्टॅफिले' म्हणतात, त्यावरून १८८२ साली अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटलंडच्या शल्यवैद्याने हे नाव दिलं. माणसांच्या गळवांतला पू तपासतानाच त्याला तो सापडला होता.

स्टॅफ कुठून बाहेरून येतो असं नाही. साधारण दर तीन माणसांतल्या एकाच्या नाकात तो असतोच, आणि त्या माणसाला काही त्रासही होत नाही. कोंबडीच्या कातडीवर, पिसांत, खुराड्याच्या धुळीतही तो असतो. जोपर्यंत कातडी धड आहे तोपर्यंत तो बाहेरच राहतो. कातडी फाटली, की आत शिरतो. बाभळीचा काटा, तारेचा ओरखडा, दुसऱ्या कोंबडीची चोच, विळीचा काप, नखाजवळची सोललेली कातडी, एवढीशी फट त्याला पुरते.

या पाठातली मुख्य गोष्ट हीच आहे. जखम हे दार आहे. कोंबडीचं असो की आपलं, दार लवकर बंद केलं तर पुढचं बरंचसं दुखणं टळतं.

आणखी एक लक्षात घ्या. आपण समजतो की रोग जनावराकडून माणसाकडे येतो. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांना दिसलं, की कोंबड्यांना आजारी पाडणारा स्टॅफचा एक मोठा वाण मुळात माणसांकडून कोंबड्यांत गेलेला आहे. म्हणजे ये-जा दोन्ही बाजूंनी आहे. फोड आलेल्या हाताने पिल्लं हाताळली तर आपण त्यांना रोग देऊ शकतो.

कोंबडीत तो कसा दिसतो?

पहिला प्रकार, तळव्याची गाठ. पंजाच्या खालची गादी सुजते, गरम लागते, मधोमध काळी खपली दिसते. कोंबडी पाय उचलून धरते, लंगडते, दाण्याला शेवटी येते. कारणं आपल्या अंगणातलीच असतात: काटे, काचा, खडबडीत कोबा, सतत ओली जमीन, किंवा फार उंच दांडीवरून वजनदार कोंबडीने रोज मारलेली उडी.

ताईने टोचलं तरी पू का निघाला नाही? कारण कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. तो पनीरसारखा घट्ट, गोळा झालेला असतो. तो दाबून किंवा सुईने निघत नाही. दाबल्याने उलट जंतू आत पसरतो आणि सुई आपल्या हातात घुसते ते वेगळंच.

दुसरा प्रकार, सांध्याची सूज. पायाचा घोट्यासारखा दिसणारा सांधा फुगतो, गरम होतो. कोंबडी चालायचं सोडून बसून राहते. जंतू रक्तातून सांध्यात आणि हाडात उतरलेला असतो. असा पक्षी वाळत जातो आणि बऱ्याचदा मरतो.

तिसरा प्रकार, पिल्लाची बेंबी पिकणे. अंड्यातून बाहेर आल्यावर बेंबी नीट मिटलेली नसते. घरटं घाण असेल किंवा अंडं विष्ठेने भरलेलं असेल, तर जंतू आत जातात. पोट फुगलेलं, बेंबी ओली, वास येणारा. अशी पिल्लं पहिल्या आठवड्यातच जातात. यात स्टॅफबरोबर दुसरेही जंतू असतात. इथे औषधाचा उपयोग फार थोडा, घरट्याच्या स्वच्छतेचा मोठा.

चौथा प्रकार, कातडी सडणे. पंखाखाली, मांडीवर, छातीवर कातडी काळसर-निळसर आणि ओली होते, पिसं हाताला येतात, पक्षी झपाट्याने मरतो. गंबोरोसारख्या रोगाने अंगातली ताकद आधीच गेलेल्या पक्ष्यांत हे जास्त दिसतं.

एक सावधगिरी. प्रत्येक लंगडी कोंबडी स्टॅफचीच असते असं नाही. एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडलेली, पण सूज अजिबात नसलेली कोंबडी मरेक्स या रोगाची असू शकते. जीवनसत्त्वं कमी पडली तर पिल्लांची बोटं आत वळतात. म्हणून पाय उचलून बघा, हात लावून बघा, आणि शंका आली तर पशुसखीला दाखवा.

आणि एकाच वेळी, अचानक, बऱ्याच कोंबड्या मेल्या तर ही गोष्ट वेगळी. तेव्हा कापू नका, खाऊ नका, विकू नका, उकिरड्यावर टाकू नका. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. १९६२ हा टोल फ्री क्रमांक पाठ असू द्या.

लंगडी कोंबडी दिसली तर

१. तिला वेगळी करा. डालग्याखाली, कोरड्या तुसावर किंवा गवतावर ठेवा. दाणा-पाणी जवळ द्या. बाकीच्या कोंबड्या तिला टोचत बसतात, ते थांबतं.

२. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा किंवा हातमोजा घाला. आपल्या हाताला कापलेलं असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगा.

३. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ करा. काटा वरवर दिसत असेल तर काढा. आयोडीनचं तांबूस औषध लावा आणि स्वच्छ कापडाची पट्टी बांधा. पट्टी रोज बदला. काढलेली पट्टी जाळून टाका.

४. गाठ छोटी असेल तर एवढ्याने पाय सुधारू शकतो. गाठ मोठी आणि टणक असेल, सांधा सुजला असेल, किंवा तीन-चार दिवसांत फरक नसेल, तर पशुवैद्यकाकडे न्या. गाठ कापायची का, कोणतं औषध किती दिवस द्यायचं, हे त्यांचं काम.

५. औषध चालू असताना अंडी विकायची की नाही, आणि औषध संपल्यावर किती दिवस थांबायचं, हे विचारून वहीत लिहा. आपल्या अंड्यांवर गिऱ्हाइकाचा विश्वास आहे, तो जपायचा आहे.

मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यात टाकू नका. कुत्री उकरणार नाहीत असा खोल खड्डा घ्या, वर चुना टाका आणि माती लोटा.

खुराड्यात दार कसं बंद करायचं?

स्टॅफवर कोंबड्यांसाठी आपल्याला टोचून घेता येईल अशी लस नाही. म्हणून खुराडंच नीट ठेवायचं.

तुसाची किंवा भुशाची गादी दोन-तीन इंच असू द्या. ती वरचेवर हलवा. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग रोज काढा. भांडं विटेवर ठेवलं तर सांडणं कमी होतं. बसायची दांडी फूट-दीड फुटापेक्षा उंच नको आणि तिच्या कडा घासून गोल करा. जाळीची टोकं आत आली असतील तर वाकवा. आठवड्यातून एकदा अंगणात फिरून काटे, काचा, तारा, खिळे वेचा. हे काम मुलांनाही सांगता येतं, फक्त पायात चप्पल हवी.

गर्दी करू नका. मोठ्या दहा कोंबड्यांना रात्रीसाठी निदान पंधरा-वीस चौरस फूट जागा लागते. जागा कमी पडली की टोचाटोची वाढते आणि टोचलं की जखम. शेवग्याचा पाला, मेथी, घास असं हिरवं रोज द्या. त्यातून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाने कातडी धड राहते. कोंबड्यांच्या देवीची लस चुकवू नका, कारण देवीच्या फोडांतूनही हा जंतू शिरतो.

खुडूक कोंबडी बसवताना घरट्यात नवं, कोरडं गवत घाला. विष्ठेने माखलेलं किंवा तडकलेलं अंडं उबवायला ठेवू नका. एका घाण अंड्यापायी एकवीस दिवसांची मेहनत पणाला लावू नये.

आता आपला हात

आपण बायका कोंबडीच्या गाठीकडे बघतो, पण स्वतःच्या बोटाकडे "होईल बरं" म्हणून दुर्लक्ष करतो. मग खुरपं धरता येत नाही, आठवड्याची मजुरी जाते, आणि शेवटी दवाखान्याचा खर्च होतो तो होतोच.

कोंबड्या हाताळण्याआधी हाताला कुठे कापलंय का बघा. असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा. कोंबडीची नखी किंवा चोच लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, आयोडीन लावा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आरोग्य केंद्रात विचारा. काम झालं की साबणाने हात, नखांच्या फटी आणि मनगटं चोळून धुवा. नुसतं पाणी किंवा राख पुरत नाही. खुराडं झाडताना नाकाला पदर नाही, धुवायचा वेगळा रुमाल बांधा. पदराने आपण पुढे लेकराचं तोंड पुसतो.

फोड किंवा गळू आलं तर:

- पिळू नका, सुईने फोडू नका. चुना, तंबाखू, शेण असलं काही लावू नका.
- कोमट पाण्याच्या कापडाने दिवसातून तीन-चार वेळा शेका. आपोआप फुटलं तर स्वच्छ पट्टीने झाकून ठेवा.
- आपला टॉवेल, साबण, वस्तरा, अंथरूण वेगळं ठेवा. घरात एकाला फोड आले की सगळ्यांना येतात, त्याचं कारण बऱ्याचदा एकच टॉवेल असतो.

आणि पुढीलपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा: ताप किंवा हुडहुडी, सूज वेगाने पसरणं, जखमेपासून हातावर वर चढणारी लाल रेघ, बोट वाकवता न येणं, चेहऱ्यावर नाका-डोळ्याजवळचं गळू. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी तर साध्या फोडालाही थांबू नये. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या छातीत दुखरी, लाल, गरम गाठ आणि ताप आला तर तेही बहुतेकदा याच जंतूचं काम असतं. लाजून अंगावर काढू नका, पाजणंही आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांना एक वाक्य आवर्जून सांगा: "माझ्याकडे कोंबड्या आहेत, मी त्या हाताळते." गाय, म्हैस, शेळी असेल तर तेही सांगा. त्यांना औषध ठरवायला त्याचा उपयोग होतो.

दूध काढणाऱ्या ताईंसाठी

गाईला, म्हशीला, शेळीला होणाऱ्या दगडीमागेही बऱ्याचदा स्टॅफ असतो आणि तो एका कासेतून दुसऱ्या कासेत आपल्या हातानेच जातो. दगडी झालेलं जनावर सगळ्यात शेवटी काढा. दोन जनावरांच्या मधे हात साबणाने धुवा. खराब सडाचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये मिसळू नका. बोटाला फोड असेल तर त्या दिवसांत धार दुसऱ्या कोणी काढावी.

फोडाचा हात आणि स्वयंपाक

आपले काही गट शाळेचा पोषण आहार शिजवतात, काही लग्नाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं. फोड आलेल्या हाताचा जंतू बासुंदी, खवा, श्रीखंड, सोललेली अंडी, शिजवलेलं चिकन यांत गेला आणि ते तासन् तास उकाड्यात राहिलं, तर तो त्यात विष तयार करतो. पुन्हा उकळल्याने जंतू मरतो, पण ते विष मरत नाही. असं अन्न खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत मळमळ, उलट्या, पोटात मुरडा सुरू होतो.

म्हणून हाताला पिकलेला फोड असलेल्या ताईने त्या दिवशी अन्नाला हात लावू नये. पण याची दुसरी बाजूही आहे. त्या दिवसाची मजुरी कापली, तर उद्या कोणी फोड दाखवणार नाही, पदराखाली लपवेल. तिला हिशेब लिहिणं, सामान मोजणं, गिऱ्हाइकाशी बोलणं असं दुसरं काम द्या आणि तिचा वाटा पूर्ण ठेवा. यात तिच्यावर कोणी उपकार करत नाही. गटाची ऑर्डर आणि गटाचं नाव त्यातूनच वाचतं.

पावडरची गोष्ट

आता बैठकीतल्या त्या पावडरकडे वळू. प्रतिजैविकांची गोष्टच या जंतूपासून सुरू झाली. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी काचेच्या बशीत स्टॅफच्या कुळातले जंतू वाढवले होते. बशीत बुरशी पडली आणि बुरशीच्या आजूबाजूचे जंतू मेलेले दिसले. त्यातून पेनिसिलीन मिळालं. पण ते सर्रास वापरात आल्यावर काही वर्षांतच त्याला दाद न देणारे स्टॅफ दवाखान्यांत दिसू लागले. मग नवं औषध आलं, आणि १९६१ साली इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणाऱ्या स्टॅफची नोंद झाली. त्याला एमआरएसए म्हणतात. पुढे नेदरलँड्समध्ये डुकरं पाळणाऱ्या शेतकरी कुटुंबांत असा जंतू जनावरांकडून आलेला आढळला.

आपण काय करतो? कोंबडी शिंकली की पाण्यात पावडर. दोन दिवसांत बरी दिसली की बंद. उरलेली पुडी कपाटात, पुढच्या वेळेला. अर्धवट औषधाने कमजोर जंतू मरतात आणि बळकट उरतात. तेच मग कोंबडीच्या पायात, धुळीत, आपल्या हातावर राहतात. उद्या आपल्या नातवाला गळू झालं आणि साधं औषध चाललं नाही, तर ती पुडी आठवेल.

म्हणून तीन गोष्टी ठरवू. पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय कोंबडीला प्रतिजैविक द्यायचं नाही. दिलं तर सांगितलेले दिवस पूर्ण करायचं. आणि जनावराचं औषध माणसाने, माणसाचं जनावराला, कधीच घ्यायचं-द्यायचं नाही.

गटाने काय करावं?

एकटीने विकत घेण्यापेक्षा गटाने एक छोटा डबा ठेवावा: आयोडीनची बाटली, स्वच्छ पट्ट्या, कात्री, हातमोज्यांचं पाकीट, साबण, एक वही. डबा पशुसखीकडे किंवा अध्यक्षांकडे राहील. खर्च फार नाही, सगळ्यांनी मिळून उचलता येतो. वहीत तारीख, कुणाची कोंबडी, काय झालं, काय दिलं, काय झालं शेवटी, एवढं लिहा. वर्षाअखेर वही उघडली की कुणाच्या खुराड्याची दांडी उंच आहे आणि कुणाच्या अंगणात काटे आहेत, ते आपोआप दिसेल.

पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा

१. कोंबडीच्या तळव्याची गाठ सुईने का फोडायची नाही?
२. माझ्या खुराड्यातली दांडी जमिनीपासून किती उंच आहे?
३. कोणती लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं?
४. फोड आलेल्या ताईला आपला गट त्या दिवशी कोणतं काम देईल?
५. घरात कोणती उरलेली औषधाची पुडी पडून आहे?

बैठकीतल्या त्या ताईला दुसऱ्या दिवशी आम्ही आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी बोटाला बारीक चीर देऊन पू काढला, गोळ्या दिल्या, आणि तिने त्या शेवटच्या गोळीपर्यंत घेतल्या. बोट बरं आहे. कोंबडीला पशुसखीने दवाखान्यात नेलं. ती अजून थोडी लंगडते, पण अंड्यावर आली आहे. ताई म्हणते, आता रोज संध्याकाळी कोंबड्या कोंडताना ती दोन गोष्टी बघते: त्यांचे पाय आणि आपले हात.

तुम्हीही आज संध्याकाळी एवढं बघा.